जुन्या डिझेल गाडीचे चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे पार्ट) बदलायला सांगितलेत, एवढा खर्च करावा का?

लगेच होकार देऊ नका, आधी लीक-ऑफ टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न नळीला (जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) छोटी बाटली लावून इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. एकच बाटली भराभर भरली तर बहुधा तोच खराब. मग बाकीचे तीन कशाला बदलायचे? सर्व्हिस सेंटर सहसा अख्खा पार्टच बदलतं. डिझेल पंप-इंजेक्टरचंच काम करणारा मेकॅनिक तो खोलून नोझल किंवा व्हॉल्व्ह तेवढा बदलतो आणि बेंचवर तपासून देतो (पीझो, म्हणजे विजेने फुगणाऱ्या स्फटिकावर चालणारे इंजेक्टर मात्र सहसा असे दुरुस्त होत नाहीत). कोटेशनमध्ये पार्ट नंबर आणि मजुरी वेगळी लिहून मागा. पण ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल, डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी अजिबात चालवू नका. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात.