पेन्सिलीने लिहिलेला स्टॉपलॉस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू आलास, चहा निवून गेला तरी मोबाइलवर तुझ्या शेअरबाजारातल्या सौद्याचा आलेख दाखवत राहिलास आणि निघताना दारात विचारलेस, "काका, अभ्यासावर विश्वास ठेवून थांबू, की भीती वाटतेय म्हणून बाहेर पडू?" तेव्हा मी धड उत्तर दिले नाही, म्हणून हे पत्र. तुझा अभ्यास कमी नाही. ताळेबंद तुला माझ्यापेक्षा चांगला वाचता येतो. पण फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच्या ठरलेल्या भावाने, घेताना कोणत्या भावाला चूक कबूल करायची हे लिहिले होतेस का, असे मी विचारले, तर तू म्हणालास, "डोक्यात आहे." डोक्यातला आकडा मी धरत नाही.

माझी २००८ची वही अजून कपाटात आहे. त्या वर्षी १० जानेवारीला सेन्सेक्सने २१,२००ची पातळी ओलांडली, त्याच आठवड्यात मी एका कंपनीचे फ्युचर घेतले आणि शेजारी पेन्सिलीने स्टॉपलॉस, म्हणजे तोटा सोसून बाहेर पडायचा भाव, लिहिला, १८४०. आज त्या जागेवरून बोट फिरवले तर कागद पातळ झालेला लागतो, कारण १८४० खोडून मी १७८० केले आणि तेही खोडून १६९०. दर वेळी माझ्यापाशी कारण होते आणि ते अभ्यासातूनच आलेले होते. २१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची ठरलेली मर्यादा, लागून तासभर व्यवहार बंद राहिले आणि तो तास मी ब्रोकरकडे, मार्जिनचे, म्हणजे सौद्यापोटी ठेवायच्या अनामतीचे, पैसे कुठून उभे करायचे या विवंचनेत काढला. अखेर वडिलांनी निवृत्तीच्या पैशांची मुदतठेव मोडली. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ती रक्कम फेडायला मला सहा वर्षे लागली आणि शेवटचा हप्ता घ्यायला ते राहिले नव्हते.

म्हणून सांगतो, सौदा करण्याआधी लिही, आणि शाईने लिही. पैसे अडकल्यावर केलेला अभ्यास आपल्याला हवे तेच सिद्ध करून देतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की तोट्याची बोच तेवढ्याच नफ्याच्या आनंदाहून तीव्र असते आणि खात्रीचा तोटा सोसण्यापेक्षा माणूस आणखी मोठ्या तोट्याचा धोका पत्करतो. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४च्या पाहणीत, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. ते सगळे अडाणी होते, असे मी मानत नाही.

भीतीला वाईट म्हणू नकोस. तिला सौद्याच्या आधी मनसोक्त बोलू दे आणि ती काय म्हणते त्यावरून आकडा ठरव. सौदा झाल्यावर मात्र तिचे ऐकायचे नाही आणि श्रद्धेचेही नाही. श्रद्धा ठेवायचीच असेल तर स्वतःच्या हस्ताक्षरावर ठेव, शेअरवर नको. आणि स्टॉपलॉस लावला म्हणजे सुटलो, असेही समजू नकोस. २२ जानेवारीसारखी सकाळ उजाडली तर भाव तुझा आकडा ओलांडून थेट खालीच उघडतो आणि सौदा मिळेल त्या किमतीला कापला जातो. त्यामुळे भावाशेजारी किती लॉट, म्हणजे शेअर्सचे किती ठरावीक गट, घ्यायचे तेही आधी लिही. एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून अधिक जाईल असे काही मी २००८ नंतर केलेले नाही.

माझे धाकटे बंधू आजही म्हणतात की तेव्हाच बाजार सोडायला हवा होता. मी सोडला नाही, कारण बाजाराने मला फसवले नव्हते. माझा आकडा मी माझ्याच हाताने खोडला होता, आणि तसाच उठून गेलो असतो तर त्या हाताला वळण लागले नसते. त्यांना हा हट्ट वाटतो. तो असेलही, पण वडिलांचे पैसे मी याच बाजारातून फेडले.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर. आकडा लिहिलेला नाही, म्हणून उद्या सव्वानऊला बाजार उघडला की सौदा काप. भाव नंतर वर गेला तर जाऊ दे. त्यावर मला फोन करू नकोस. पुढच्या रविवारी कोरी वही आणि शाईचे पेन घेऊन ये. नवा सौदा काय करायचा ते आपण बसून लिहू.

तुझा,
काका