पहिला काळोखा देवदूत काढताना

तुझं स्केच पाहिलं. रेषेत जीव आहे! पण काळे पंख, शिंगं, रक्त दाखवलं की देवदूत भयाण होतो, हा समज आधी सोड. बहुतेक नवखे तिथेच अडकतात. बायबलमध्ये यशयाचा सहावा अध्याय वाच. सराफीम नावाच्या देवदूतांना 6 पंख: दोन चेहरा झाकायला, दोन पाय झाकायला, दोन उडायला. तो झाकलेला चेहराच काढून बघ. पिसांच्या फटीतून नुसती हनुवटी दिसली तरी अंगावर काटा येतो.

सध्या एवढंच सांभाळ:
- पंख खांद्याच्या फऱ्यातून निघू देत, पाठीला चिकटवलेले नकोत. खिडकीत उतरणारं कबुतर निरख.
- गोष्टीत देवदूताला कमी बोलू दे. लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्या नावाच्या याजकाला देवदूत आधी ‘भिऊ नको’ म्हणतो. जखऱ्याला काय दिसलं असेल, तिथून सुरुवात कर.

बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेली डोळ्यांनी भरलेली चाकं नंतर. पुढचं स्केच नक्की दाखव.