विचारा, सांगते : प्रागमधला एक मोकळा दिवस

प्रश्न : ताई, नमस्कार. मी साताऱ्याचा, वय ६७. सौ. ६२ वर्षांची. सप्टेंबरात ग्रुप टूरने युरोपला निघालोय. प्रागमध्ये एक दिवस मोकळा आहे. टूरवाले त्या दिवशी जादा पैसे घेऊन बसने दहा ठिकाणं दाखवतो म्हणतात, पण आम्हाला पायी फिरायचंय. मी रोज अजिंक्यताऱ्यावर जातो, सौ.चा मात्र उजवा गुडघा दुखतो. दोघंही शाकाहारी. मला अंडं चालतं, तिला नाही. काय बघावं, काय सोडावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नमस्कार दादा. बसचे पैसे भरू नका. दहा ठिकाणं बघून आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी कुठलं काय होतं ते आठवत नाही. तुम्ही व्लतावा नदी धरून राहा.

मी भाचीकडे चार दिवस राहिले होते. पहिल्याच दिवशी सकाळी दहाला खालून किल्ल्याच्या पायऱ्या चढायला घेतल्या आणि पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरत होते. वहिनींवर ती वेळ येऊ नये म्हणून क्रम सांगते.

पहाटे उठा. साडेसहाच्या आत जुन्या गावाच्या बाजूने चार्ल्स पुलावर पोचा. नऊनंतर तिथे गणपतीच्या मिरवणुकीसारखी गर्दी होते, पुतळे बघायचे राहतात आणि माणसांच्या पाठी बघाव्या लागतात. पूल दगडी, १६ कमानींचा, ५१६ मीटर लांब आणि सपाट, त्यामुळे गुडघ्याला काही त्रास नाही. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ साली त्याचा पाया घातला. ज्योतिषांनी मुहूर्त काढून दिला होता अशी तिथली समजूत आहे : वर्ष १३५७, तारीख ९, महिना ७, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. आकडे ओळीने मांडा, १३५७९७५३१. उलटे वाचले तरी तेच! भाचीने हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा मला आमच्या आजोबांचं पंचांग आठवलं.

पुलावर पाय ठेवलात की आधी उजव्या हाताच्या कठड्यावरून वाकून काठाची भिंत बघा. भिंतीत दाढीवाल्या माणसाचं एक दगडी डोकं बसवलेलं आहे. त्याला ब्रादाच म्हणतात, म्हणजे दाढीवाला. १३४२ च्या पुरात वाहून गेलेल्या आधीच्या पुलाचं ते डोकं, असं सांगतात. जुन्या काळी हीच पुराची खूण होती. पाणी दाढीला लागलं की नदी काठ सोडणार, टकलापर्यंत आलं की मोठ्या चौकात होड्या चालणार. दादा, मी सांगलीची. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आमच्याकडे पोरंसोरं सांगतात. २०१९ साली ५७ फूट ओलांडले, तेव्हा गावभागातल्या माझ्या घरी कपाटाचा वरचा कप्पाही बुडाला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवताना जमवलेले नकाशे त्यात गेले. त्या दाढीवाल्यासमोर मी बराच वेळ उभी होते. व्लतावेनेही १८९० मध्ये याच पुलाच्या तीन कमानी पाडल्या आणि ऑगस्ट २००२ मध्ये पलीकडच्या काठावरच्या घरांत पाणी घातलं. तुम्हीही कृष्णाकाठचेच, तुम्हाला ते डोकं बघून जे वाटेल ते बसमधल्या गाईडला सांगता येणार नाही.

पुलावर ३० पुतळे आहेत. सगळे बघत बसू नका, दोन बघा. एक नेपोमुकच्या जॉन या संताचा. १३९३ साली त्याला नदीत टाकून मारलं. त्याच्या डोक्याभोवती पाच तारे आहेत, आणि खालचा ब्राँझचा भाग लोकांचे हात लागून लागून चकचकीत झालाय. दुसरा फ्रान्सिस झेवियरचा. ज्यांचं शव जुन्या गोव्यात बासिलिकामध्ये ठेवलंय, तेच हे. मूळ पुतळा १८९० च्या पुरात नदीत पडला, आता दिसतो ती नक्कल आहे.

पूल संपला की मालोस्त्रान्स्के नामेस्ती या चौकातून २२ नंबरची ट्राम धरा. तिकिटावर यंत्रात वेळेचा शिक्का मारायला विसरू नका. पोहोर्झेलेत्स थांब्यावर उतरा, म्हणजे चढ ट्राम चढेल आणि तुम्ही किल्ल्यापर्यंत हळूहळू खाली याल. किल्ल्याच्या आवाराला तिकीट नाही, आतल्या वास्तूंना आहे. आत एकच बघायचं तर सेंट व्हिटस चर्च. बांधायला १३४४ मध्ये घेतलं आणि पुरं झालं १९२९ मध्ये. आमचा आयर्विन पूलही १९२९ चाच. आत आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यासमोर बाकावर दहा मिनिटं बसा. बाकी राजवाडा वगैरे सोडलात तरी चालेल.

खाली यायला नेरुदोवा गल्ली आहे. तिथे पायऱ्या नाहीत, पण उतार खडा आहे, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त बाधतो हे अजिंक्यतारा उतरणाऱ्याला मी काय सांगणार. वहिनींचा पाय कुरकुरत असेल तर पुन्हा २२ नंबरनेच खाली या. चालवलं तर मात्र दारांवरची चित्रं सोडू नका : दोन सूर्य, तीन व्हायोलिनं. मारिया थेरेसा राणीच्या काळात १७७० मध्ये घरांना नंबर आले, त्याआधी या चित्रांवरूनच घर ओळखायचे. आपल्याकडे पत्ता सांगताना अमक्यांचा वाडा म्हणायचे, तसंच.

दुपारी हॉटेलवर पाय वर करून झोपा. संध्याकाळी जुन्या चौकातलं घड्याळ बघा. ते १४१० पासूनचं आहे. तासाला खिडकीतून येशूचे बारा शिष्य फिरतात तेव्हा सगळे माना वर करून बघतात, पण मला त्याखालच्या दोन तबकड्यांतली वरची जास्त आवडली. तिच्यात सूर्य बारा राशींतून फिरतो, चंद्राच्या गोळ्यावर कला दिसतात, आणि बाहेरच्या कड्यावर जुना चेक काळ आहे, तो सूर्यास्तापासून तास मोजतो. आपलं पंचांग दिवस सूर्योदयापासून धरतं. घड्याळ टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर आहे, तिथून गाव बघायचं असेल तर आत लिफ्ट आहे. टाऊन हॉलसमोर जमिनीत २७ पांढरे क्रॉस दिसतील. २१ जून १६२१ रोजी तिथे २७ जणांना मारलं. त्यावर पाय पडू देऊ नका.

जेवणाचं नीट ऐका. तळलेलं चीज सगळीकडे मिळतं, पण वरच्या आवरणात अंडं असतं. बटाट्याच्या धिरड्यातही असतं. तुम्ही खा, वहिनींना नको. त्यांच्यासाठी 'वेगन' पाटीचं हॉटेल शोधा. दोन शब्द पाठ करा : 'बेझ मसा' म्हणजे मांसाशिवाय, 'बेझ वायेत्स' म्हणजे अंड्याशिवाय. आपल्याकडून भडंग न्या, मला चार दिवस पुरलं. कंदी पेढे मात्र घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

जुन्या भागातले रस्ते बहुतेक लहान चौकोनी दगडांचे आहेत. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पैसे फक्त बँकेच्या एटीएममधून काढा. मला रस्त्यावर एकाने चांगला भाव सांगून नोटा बदलून दिल्या, त्या दुसऱ्याच देशाच्या निघाल्या. तिथे युरो नाही, कोरुना चालतात, आणि स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी लागतात. ती पहाटे निघतानाच वहिनींच्या पर्समध्ये टाका.