नववीच्या सुट्टीत शाळेतल्या सरांनी ठेवलेली इंटर्नशिप मुलीच्या करिअरला खरंच उपयोगी पडते का?

दहावी तोंडावर असताना मुलीने तीन आठवडे वर्कशॉपमध्ये घालवावेत का, असं तुम्ही विचारलंय. मे महिन्यातले तीन आठवडे गेले म्हणून कोणाची दहावी बुडत नाही, तेवढी काळजी सोडा.

करिअरचं म्हणाल, तर माझी नोकरीच त्यातून निघाली. मी ठाण्यातल्या मराठी शाळेचा. आमचे विज्ञानाचे सर दर उन्हाळ्यात नववीच्या पाच-सहा मुलांना वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपमध्ये धाडायचे. मालक बहुतेक त्यांचेच जुने विद्यार्थी, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

मला लेथ, म्हणजे धातू फिरवून तासायचं मशीन, चालवायची होती. पण मशीनला हात लावायचा नाही, ही सरांची अट. (आता तर 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगात कामाला ठेवायला 2016 पासून कायद्यानेच बंदी आहे.) मग वाट्याला आलं ते कंटाळवाणं काम: तयार जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, मायक्रोमीटर या बारीक माप घ्यायच्या उपकरणाने मोजायचे आणि लिहून ठेवायचे. दुसऱ्याच दिवशी मी नुकत्याच लेथवरून उतरलेल्या सात-आठ शाफ्ट (गोल दांड्या) 'माप जास्त' म्हणून बाजूला टाकल्या. जेवणानंतर मेस्त्रींनी त्याच मोजल्या, तर सगळ्या मापात! "गरम जॉब मोजतोस होय रे?" एवढंच म्हणाले. 50 मिलिमीटर जाडीचं स्टील 20 अंशांनी तापलं की साधारण 0.01 मिलिमीटरने फुगतं. मायक्रोमीटरवरची एक रेघ. रुळांमधल्या फटीचं उदाहरण लिहून याच धड्याचे मार्क मी परीक्षेत मिळवले होते. पण हातातली शाफ्ट फुगलेली असेल, हे डोक्यातही आलं नाही.

सर आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून यायचे आणि आमची वही बघायचे. आज काय कळलं नाही आणि ते कोणाला विचारलं, एवढंच तिच्यात लिहायचं. 'सगळं समजलं' लिहिलं की वही परत तोंडावर. त्या वहीपायी माझी भीड चेपली. नाहीतर मेस्त्रींना प्रश्न विचारायची माझी काय टाप होती! दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही मला सरांनीच सांगितलं. आमच्या घरी सायन्स आणि कॉमर्स यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हतं. आज मी महापेला मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. तिथली खोली बारा महिने 20 अंशांवर ठेवतात, कारण लांबी मोजायचं ठरलेलं तापमान तेच.

माझ्याबरोबरच्या एका मुलाला मात्र ऑइलच्या वासाने चार दिवसांत डोकेदुखी लागली आणि तो कॉमर्सला गेला. सरांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. अकरावीची फी भरण्याआधीच कळलं ना, म्हणाले.

तेव्हा सरांना तीनच गोष्टी विचारा: तिथे मुलीबरोबर कोण असणार, तिला नेमकं काय काम देणार, आणि ते स्वतः मधून मधून चक्कर मारणार का. पाठवलंत तर बूट घालून, केस घट्ट बांधून पाठवा; ओढणी नको. पण नुसतं एसीत बसवून शेवटच्या दिवशी फोटो काढणार असतील, तर सरळ आजोळी पाठवा, आंबे तरी खाईल.

आणि सर्टिफिकेटचं विचारलंत म्हणून सांगतो: मलाही मिळालं होतं. आजवर कोणी मागितलेलं नाही.