पाडव्याचा हिशेब

बेटा,

ईदचा शीरखुर्मा पुढ्यात ठेवून मी लॅपटॉप उघडला, तेव्हा तू सगळ्यांसमोर विचारलंस, "अब्बा, तुम्ही विद्यापीठात इस्लामी करारांवर पीएचडी करता, मग कंपनीचा हिशेब हिंदूंच्या पाडव्याला का?" २०२५ साली पाडवा आणि आपल्या मशिदीची ईद एकाच दिवशी आली, ३० मार्चला, म्हणून तुझ्या लक्षात आलं. एरवी मी गुपचूप उरकतो. हसून वेळ मारून नेली, पण लागलं मला.

गंगाखेडकडच्या आपल्या घरी पाडवा म्हणजे सालगड्याचा दिवस. गुढी शेजारच्या पाटलांच्या दारात, आणि आपल्या ओसरीवर दादांची लाल वही. रब्बीची जवारी, हरभरा घरात आलेला, रान मोकळं. म्हणून गड्याचं साल पाडव्याला संपायचं आणि नवंही तेव्हाच ठरायचं. फोटोतले तुझे 'पागोटेवाले आजोबा', म्हणजे आपले सालगडी, आंघोळ करून, माझ्यासाठी साखरेची गाठी घेऊन यायचे. ती गळ्यात घालून एकेक पदक चघळत मी सौदा ऐकायचो. "औंदा काय म्हणता?" दादा विचारायचे. "तुमीच बोला," आजोबा म्हणायचे. मग बराच वेळ कुणीच बोलायचं नाही. शेवटी दादी आतून ओरडायची, "चाय थंडी होरी ना!" आकडा ठरला की आजोबा वहीत अंगठा उठवायचे आणि बोटाची शाई केसांना पुसायचे.

आपलं हिजरी वर्ष चांद्र, ते दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतं. मोहरमला हिशेब धरला असता तर तो कधी पेरणीत आला असता, कधी ऐन काढणीत. निजामाच्या राज्यातसुद्धा शेतसाऱ्याला फसली, म्हणजे पिकाच्या हंगामाचं सालच धरायचे, हिजरी नाही. दादांना यातलं काही सांगावंसं वाटलं नाही. पाचही नमाजा पढणारा माणूस, पाडव्याला वही उघडायचा, संपलं.

आता तू म्हणशील, सॉफ्टवेअरचं कसलं आलंय पीक? बरोबर आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण व्याजाचं कर्ज न घेता आम्ही तिघांनी कंपनी काढली, ती दादांच्या बटईसारखीच, म्हणजे वाट्यानं केलेल्या शेतीसारखी: कुणाचा पैसा, कुणाची मेहनत, नफा ठरल्या वाट्यानं. गंमत सांगू? मी ज्यावर प्रबंध लिहितोय ती मुजारआ म्हणजे हीच बटई, आणि इमाम अबू हनीफांना ती मान्य नव्हती. त्यांच्याच शिष्यांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद अश-शैबानी यांनी, ती चालते म्हटलं. आपण हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या मताचे, पण इथं चाललो शिष्यांच्या मागून. दादांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, "मंग पेरायचं का न्हाई?"

एक मात्र खटकतं. आजोबा वर्षभर उचल घ्यायचे, लेकीच्या लग्नाला, दवाखान्याला. तिच्यावर दादांनी कधी व्याज लावलं नाही, आणि हे ते अभिमानानं सांगायचे. पण बाकी फिटायची नाही, म्हणून आजोबा दुसरीकडे जाऊ शकायचे नाहीत. व्याज नाही आणि सुटकाही नाही. प्रबंधात मी या प्रकारावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय, पण दादांचं नाव घालायची हिंमत होत नाही. आमच्या कंपनीत पगाराची उचल मिळते, पण नोकरी सोडणाऱ्याला तिच्यासाठी अडवायचं नाही, हा नियम मी आग्रहानं घातला तो त्या वहीमुळेच.

पाडवा तू पाळ असं मी म्हणत नाही. उद्या कंपनी तुझ्या हाती आली आणि तुला हिशेब जानेवारीत करायचा असला, तर मी थोडी कुरकुर करीन एवढंच. जकात, म्हणजे बचतीतून द्यायचं धर्मदान, मात्र चांद्र वर्षानं अडीच टक्के. सौर वर्ष धरायचं झालं तर दर २.५७७५ टक्के होतो. ते गणित आपल्याच प्रोग्रॅममध्ये आहे, गिऱ्हाइकांना आपण तेच विकतो.

तुझे अब्बा