सातवीच्या मुलीला ‘फाउंडेशन’ कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत सातवीत शिकते. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. पहिल्या सत्राच्या लेखी परीक्षेत तिला गणितात ५० पैकी २१ आणि विज्ञानात २९ गुण मिळाले. मराठी, इतिहास व भूगोल यांत मात्र ४० च्या वर आहेत. तिला इंजिनिअर करायचे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी जूनपासून सकाळी ६ ते ८ जेईईची (बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची) फाउंडेशन बॅच लावली, चित्रकलेचा वर्ग बंद केला आणि इतिहास-भूगोल परीक्षेपुरतेच करायला सांगितले. अलीकडे ती उत्तरपत्रिका लपवते, विचारले की रडते. तिची कल चाचणी करावी का? आठवीपासून सीबीएसई शाळेत घालावे का? गणित असेच कच्चे राहिले तर पुढे काय?
— एक वडील

उत्तर : आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, परंतु जे वाक्य आपण जाता जाता लिहून पुढे गेलात, त्याविषयी आधी बोलणे मला आवश्यक वाटते. बारा वर्षांची मुलगी घरात उत्तरपत्रिका लपवू लागते, तेव्हा तो कागद हाती पडल्यावर घरात पुढे काय होणार हे तिला पाठ झालेले असते. गणितात ती नेमकी कोठे अडते हे सांगणारा सर्वांत विश्वासार्ह कागद तोच आहे, आणि नेमका तोच आपल्यापर्यंत पोहोचेनासा झाला आहे. पत्रात आपण तिच्या पाच विषयांचे गुण लिहिले, बॅचची वेळ लिहिली, आपली योजनाही लिहिली; परंतु गणितात तिला काय कळत नाही, याविषयी तिने स्वतः सांगितलेले एकही वाक्य त्यात नाही. आपण तिला तसे विचारलेच नसावे, किंवा विचारले असल्यास तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकले नसावे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

जूनपासून तिच्या दिवसात काय बदलले ते एकदा तिच्या बाजूने पाहा. ज्या विषयांत तिला चांगले गुण मिळतात त्यांतील दोन ‘परीक्षेपुरते’ झाले, आवडीची चित्रकला बंद झाली, आणि दिवसाचे पहिले दोन तास, शाळेच्याही आधी, ज्या विषयात तिला अपयश येते त्या विषयाला दिले गेले. ‘हे मला जमते’ असा अनुभव जेथे जेथे तिला मिळत होता, ती प्रत्येक जागा आपण सद्हेतूनेच काढून घेतली आहे. अशा परिस्थितीत मुलगी रडते यात आश्चर्य नाही, ती रडली नसती तर मला अधिक काळजी वाटली असती. मात्र झोप आणि भूक यांवर परिणाम दिसू लागला, किंवा शाळेत जाण्यासच ती नकार देऊ लागली, तर करिअर मार्गदर्शकाकडे न येता थेट मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे आणि त्यात संकोच करू नये.

आता ज्या गैरसमजावर ही सारी व्यवस्था उभी आहे त्याकडे वळते. सातवीचा अभ्यासक्रम किरकोळ आहे, तो शाळेत कसाही होऊन जाईल आणि खरा पाया बाहेरच्या बॅचमध्ये घातला जाईल, असे आपण गृहीत धरले आहे. जेईईचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितावर आधारलेला असतो, आणि त्या गणिताचा पाया शाळेच्या ज्या वर्षांत घातला जातो त्यांत सातवीचे स्थान फार मोठे आहे. बालभारतीचे सातवीचे गणिताचे पुस्तक उघडून अनुक्रमणिका वाचा : पूर्णांक संख्यांचा गुणाकार व भागाकार, परिमेय संख्या, घातांक, बैजिक राशी, समप्रमाण व व्यस्तप्रमाण, सरळव्याज, पायथागोरसचा सिद्धान्त, वर्गविस्तार. अक्षरांवरही संख्यांप्रमाणेच बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतात, ही गोष्ट मुलाच्या अंगवळणी पडण्याचे हे वर्ष आहे, आणि तीच गोष्ट पुढे बारावीपर्यंत प्रत्येक पानावर लागते. (अ + ब) चा वर्ग हे सूत्र घ्या. ज्या मुलीने (अ + ब) बाजूचा चौरस कागदावर काढून त्याचे चार तुकडे केले आणि त्यांत दोन सारखे आयत निघतात हे स्वतः पाहिले, ती २अब हे पद विसरत नाही. ज्या मुलीने ते सूत्र इतर वीस सूत्रांसोबत पाठ केले, ती नववीत ‘अ वर्ग अधिक ब वर्ग’ एवढेच लिहून पुढे जाते. फाउंडेशनच्या अनेक बॅचमध्ये पुढील इयत्तांचे धडे घाईने घेतले जातात आणि सातवीची ही सावकाश करण्याची कामे तशीच राहतात. मग पायाचे नाव घेतलेल्या वर्गामुळे पायाच कच्चा राहतो. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालील किंवा माध्यमिक शालान्त परीक्षा न दिलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे, हेही आपल्याला ठाऊक असलेले बरे.

तिचे गणित ‘कच्चे’ आहे, हा निष्कर्षही मी इतक्या लवकर मान्य करणार नाही. सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतात व बाकीचे विषय मराठीतून. आपल्या मुलीला कमी गुण नेमके त्या दोन विषयांत आहेत आणि मराठीतून शिकलेल्या विषयांत ती चांगली आहे, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. तिच्याजवळ बसून तिला तोंडी एक उदाहरण मराठीत घाला : एका शेतातील कांद्याची काढणी १२ मजूर १० दिवसांत करतात, तर तीच काढणी १५ मजूर किती दिवसांत करतील? ती ‘८ दिवस’ म्हणाली आणि तेच उदाहरण इंग्रजीत वाचून अडली, तर अडचण गणिताची नसून प्रश्नाच्या भाषेची आहे आणि ती रोज दोन-तीन शाब्दिक उदाहरणे मोठ्याने वाचून, प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत सांगून दूर होऊ शकते. ती ‘साडेबारा दिवस’ म्हणाली, तर तिने व्यस्तप्रमाण असताना समप्रमाण मांडले आहे; मजूर वाढले तर दिवस वाढतील की कमी होतील, एवढेच तिला आकडेमोडीच्या आधी विचारावे. मग उणे ६ गुणिले उणे ४ किती आणि उणे ६ अधिक उणे ४ किती हे पाठोपाठ विचारा. दोन्हींच्या चिन्हांत गोंधळ झाला तर पूर्णांकांचा धडा पुन्हा करावा लागेल. शेवटी तीन चतुर्थांशातून पाच षष्ठांश वजा करायला सांगा. तेथे ती थांबली, तर परिमेय संख्यांच्या आधी पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांकडे परत जावे लागेल, आणि तसे जाण्यात कमीपणा नाही. अर्ध्या तासाच्या या बैठकीतून आपल्याला जे कळेल ते कोणत्याही बॅचच्या चाचणीतून कळणार नाही. अट एकच, या अर्ध्या तासात आपला आवाज चढता कामा नये. आपल्याला ते शक्य होणार नाही असे वाटत असेल, तर हे काम तिच्या आईला, मोठ्या भावंडाला किंवा वर्गशिक्षकांना करू द्या.

विज्ञानाविषयी थोडक्यात लिहिते. गती, बल व कार्य, उष्णता, भौतिक राशींचे मापन, मूलद्रव्ये-संयुगे-मिश्रणे हे सातवीचे धडे पुढील भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राचे दार आहेत, आणि २९ गुण म्हणजे ते दार बंद झाले असे मुळीच नाही. अंतर आणि विस्थापन यांतील फरक तिला घर ते शाळा या रस्त्याचा नकाशा काढून समजावून द्या. तो पाठ करवू नका.

इतिहास-भूगोल ‘परीक्षेपुरते’ करण्याच्या सूचनेविषयी मात्र मी अधिक कठोर आहे. सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) नकाशा हा धडा आहे. धरण कोठे बांधायचे, घाटातला रस्ता कोणत्या उताराने न्यायचा, हे ठरवताना स्थापत्य अभियंत्याला समोच्च रेषा वाचाव्याच लागतात. म्हणजे मुलीला इंजिनिअर करण्यासाठी आपण तिला इंजिनिअरच्या उपयोगाचा धडा वरवर करायला सांगितला आहे. त्याच पुस्तकात हवेचा दाब, वारे, भरती-ओहोटी, मृदा, कृषी आणि मानवी वस्ती आहेत, आणि ज्या तालुक्यातील घरांचे वर्ष पावसावर अवलंबून असते तेथील मुलीला दाब आणि वारे यांचा संबंध नीट समजणे ही काही परीक्षेपुरती बाब नव्हे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारे पदवीधर तरुण शालेय इयत्तांची ही पुस्तके पुन्हा विकत घेऊन वाचत असतात. जे बाराव्या वर्षी कुतूहलाने वाचता आले असते ते ताणाखाली वाचण्याची वेळ त्यांच्यावर येते. इतिहासाचे पुस्तक भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांपासून सुरू होते. एखादी गोष्ट खरी कशावरून मानायची, बखरीतील मजकूर आणि ताम्रपटातील मजकूर यांना सारखेच वजन द्यायचे का, हा विचार वकिलाला, पत्रकाराला, संशोधकाला आणि न्यायाधीशाला आयुष्यभर करावा लागतो. त्यानंतर शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचा कारभार येतो, त्यात अष्टप्रधान मंडळ, किल्ले, आरमार, शेतीविषयक धोरण अशी एका राज्याची संपूर्ण घडी मुलांसमोर उलगडते. नागरिकशास्त्रात संविधानाची उद्देशिका आणि मूलभूत हक्क आहेत. ज्या मुलीला या विषयांत गोडी आहे, तिची गोडी अडथळा समजून कापून टाकणे मला अन्यायाचे वाटते. आणि चित्रकलेविषयी एवढेच सांगते की वास्तुरचना व डिझाइन यांचा मार्ग तिच्यातूनच जातो, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही आरेखन करावे लागते.

याचा अर्थ तिने इंजिनिअर होऊ नये, किंवा तिने कलाशाखेकडेच जावे, असा काढू नका. सातवीच्या पहिल्या सत्रातील गुणांवरून दोन्हींपैकी कोणताही निर्णय घेणे चुकीचे आहे. म्हणूनच कल चाचणीच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नको’ असे आहे. या वयात आवड वर्षावर्षाला बदलते, आणि चाचणीच्या अहवालाचा उपयोग घरात तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून होण्याची भीती मला आपल्या पत्रावरून वाटते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये कल चाचणी सुरू केली तीही दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. दहावीच्या वर्षी, आणि तिची इच्छा असेल तर, तेव्हा पाहू.

मंडळ बदलण्याविषयीही मी ‘आत्ता नको’ असेच म्हणेन. सातवीच्या गणितातील पूर्णांक, अपूर्णांक, बैजिक राशी या संकल्पना मंडळ बदलल्याने बदलत नाहीत. ज्या मुलीला आज इंग्रजीतील दोन विषय जड जात आहेत तिला सर्व विषय एकदम इंग्रजीतून देणे म्हणजे तिचे चांगले विषयही धोक्यात घालणे आहे. जेईई मेन परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते, आणि बारावी राज्य मंडळातून करून ती देता येते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा मार्ग तर आहेच.

परीक्षांपैकी सध्या एकीचीच नोंद ठेवा. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल, तर अनुदानित शाळेतील आपली मुलगी आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसू शकते. त्यासाठी सातवीत सर्व विषय मिळून किमान ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत), आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्या ५५ टक्क्यांत इतिहास आणि भूगोलाचे गुणही धरले जातात, हे लक्षात घ्यावे.

आता करायच्या गोष्टी. बॅच या महिन्यातच बंद करा. भरलेल्या शुल्कातील उरलेल्या कालावधीची रक्कम विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास दहा दिवसांत परत द्यावी, असे वर उल्लेखलेल्या २०२४ च्या सूचनांत म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन लेखी अर्ज द्या, परंतु रक्कम मिळाली नाही तरी ती वसूल करण्यासाठी मुलीला पहाटे उठवत राहू नका. चित्रकलेचा वर्ग पुन्हा सुरू करा, आणि तो गणिताच्या गुणांशी जोडू नका. गणिताला संध्याकाळी चाळीस मिनिटे पुरेत, शाळेचेच पुस्तक घेऊन, सराव संचातील उदाहरणे न गाळता. पुढच्या उत्तरपत्रिकेत एकूण गुणांकडे न पाहता प्रत्येक चुकीची पायरी पेन्सिलीने शोधायची, आणि ती तिनेच शोधायची, एवढा नियम घरात करा. वर्षाच्या मूल्यमापनात सातवीला ४० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्गातील काम, उपक्रम आणि तोंडी उत्तरांना असतो, त्यामुळे शाळेत ती मोकळेपणाने बोलते की नाही हे वर्गशिक्षकांना विचारणे अगत्याचे आहे. त्यांची वेळ घेऊन भेटा, गणिताच्या शिक्षकांनाही भेटा, आणि दोन्ही भेटींना मुलीला सोबत न्या; आपण गप्प बसून तिची अडचण तिलाच सांगू द्या.