नव्या मॅडमना, पहिल्या लेक्चरच्या आधी

अगं नव्या मॅडम,

अभिनंदन! सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) का असेना, कॉलेज मिळालं, आणि पहिल्याच वर्षी साहित्य-सिनेमा-लोकप्रिय संस्कृतीचा पेपर वाट्याला आला, म्हणजे डिपार्टमेंटमधल्या बाकीच्यांनी तो टाळला असणार हे उघडच आहे. असे पेपर नेहमी नव्या माणसाच्याच गळ्यात पडतात. पडू दे, चांगलाच पेपर आहे तो.

तू विचारलंस मुलांना इंटरेस्ट कसा लावायचा. अगं, इंटरेस्टचं टेन्शन भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांनी घ्यावं, इथे भानगड उलटी आहे. पोरं वर्गात यायच्या आधीच सगळं बघून बसलेली असतात, डायलॉग पाठ, गाणी पाठ, कोणत्या हिरोचं कुणाशी वाजलंय तेही पाठ, आणि म्हणूनच त्यांना वाटतं की यात शिकण्यासारखं काय आहे. तुझं काम एकच, त्यांना थांबवायचं. जे बघून झालंय ते परत बघायला लावायचं, हळूहळू, कंटाळा येईपर्यंत, कारण कंटाळा आला की मगच माणूस स्टोरी सोडून इकडेतिकडे बघायला लागतो.

आता सैराटच घे. नागराज मंजुळेंचा, आर्ची-परशाच्या जातीबाहेरच्या प्रेमाचा, 29 एप्रिल 2016 ला आला तो. तुझ्यासाठी कालचा पिक्चर, पण आज एफवायला बसलेली पोरं तेव्हा आठ-दहा वर्षांची होती, त्यांच्यासाठी ती लहानपणची आठवण आहे. (आपले रेफरन्स किती पटकन शिळे होतात याचा अंदाज घेत जा, आपल्याला कळतही नाही.) तर पिक्चर लावायच्या आधी सगळ्यांना कागदावर लिहायला सांग की शेवटच्या सीनमध्ये काय काय ऐकू येतं. कुणी म्युझिक लिहील, कुणी किंकाळी लिहील, बरेच जण लेकराचं रडणं लिहितील. मग लाव. लेकरू रडताना दिसतं पण ते रडणं आपल्याला ऐकूच येत नाही, दिग्दर्शकाने आवाज काढून घेतलाय. वर्गात जी चुळबुळ होते ना त्यानंतर, तिथून तुझं लेक्चर सुरू होतं. लगेच बोलू नकोस, त्यांनाच बोलू दे.

पुढच्या तासाला 2018 चा हिंदी रिमेक, धडक. करमाळ्याकडची गोष्ट उदयपूरला गेली, झिंगाट सोबत गेलं, जात मात्र बरीचशी मागेच राहिली. शेवटही बदलला, मराठीत नवराबायको दोघंही मारले जातात, हिंदीत मुलगी जिवंत राहते आणि नवरा आणि मूल जातं. असं का केलं असेल, हे विचारून गप्प बस. बॉलिवूडला शिव्या घालायला सगळे तयार असतात, तेवढं होऊ देऊ नकोस, पैसा कुणी लावला, प्रेक्षक कोणता धरलाय, तिथपर्यंत त्यांना ढकल.

एक मात्र सांभाळ. तुझ्या वर्गात आर्चीच्या घरचेही बसलेले असतात आणि परशाच्याही, आणि एखादीच्या घरी तेच रामायण आत्ता चालू असतं. 'तुमच्याकडे काय पद्धत आहे' असं कुणालाही चारचौघांत विचारायचं नाही. प्रश्न कॅमेऱ्याचे विचार, कोण खुर्चीत बसलंय, कोण उभं आहे, कोण बोलताना कुणाकडे बघत नाही. सैराटमध्ये लोखंडे सरांना भर वर्गात थप्पड बसते तो सीन लावून त्यातल्या मागच्या बेंचवरच्या पोरांचे चेहरे बघायला सांग. जातीवर जेवढं बोलायचं तेवढं त्यातून बोललं जातं आणि कुणाला स्वतःला उघडं पाडावं लागत नाही.

कादंबरी आणि सिनेमा या युनिटला सगळ्यात मोठा धोका म्हणजे 'पुस्तक नाही वाचलं मॅडम, पण पिक्चर बघितलाय'. यावर रागावून उपयोग नाही, रचनाच अशी कर की ते चालणारच नाही. मी बनगरवाडी घ्यायचे. 1955 ची व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, 1995 चा अमोल पालेकरांचा सिनेमा. कादंबरीत सगळं त्या तरुण मास्तराच्या 'मी'मधून येतं, आपण त्याच्या डोळ्यांनी वाडी बघतो, तो कसा दिसतो याचं काही पडलेलं नसतं आपल्याला. सिनेमात मास्तर स्वतःच फ्रेममध्ये उभा! आता आपण वाडी बघतोय की वाडीत आलेला पाहुणा बघतोय? पहिल्या प्रकरणाची दोन पानं वर्गात मोठ्याने वाचून घे, लगेच सिनेमाची पहिली दहा मिनिटं लाव आणि हा एकच प्रश्न टाक. कोणत्या गाइडमध्ये याचं उत्तर नाही. सिंहासनही मस्त चालतो, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतून एक पिक्चर झालाय, म्हणजे काय गाळलं याची यादी केली तरी निम्मं युनिट होतं. पण तुझ्याकडे तास कमी असतील तर एकच घे, सगळं दाखवायचा हव्यास नको.

लोकप्रिय संस्कृती म्हटलं की सगळे थिअरीच्या पोथ्या उघडतात. थिअरी नंतर. आधी पोरांना चौकात पाठव आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो काढून आणायला सांग. मधोमध गॉगल घातलेला, मोबाईल कानाला लावलेला 'भावी नगरसेवक', वर कोपऱ्यात महाराज आणि पक्षाचे मोठे नेते, आणि खाली स्टॅम्पएवढे फोटो, शुभेच्छुक. मग एकेक विचार. वर कुणाचा फोटो आणि का, दोन गटांतला पूल बांधायला कोणत्या दोन नेत्यांना शेजारी बसवलंय, बायका किती आहेत आणि असल्याच तर कोणत्या रांगेत, 'किंगमेकर', 'वाघ' हे शब्द कोणत्या पिक्चरमधून आलेत. स्टॅम्पएवढ्या फोटोतल्या पोराने वर्गणी किती दिली असेल हे वर्गातलं कुणीतरी अचूक सांगतं, हमखास, कारण तो स्वतः कुठल्यातरी फ्लेक्सवर असतो. इंटर्नलला हेच दे. नेटवरून किंवा एआयकडून उतरवून आणता येत नाही, त्यांच्याच चौकातला फ्लेक्स आहे. जत्रेतला तमाशा, भीमजयंतीची गाणी, मंडळाचा देखावा, असंही चालेल. फक्त वर्णन करून आण म्हण, मत नको. मत मांडायची आपल्याकडे फार घाई असते, दिसलं काय ते आधी लिहायची सवय लाव.

सीनियर लोक म्हणतील, पिक्चर दाखवून पगार घेते. म्हणू दे. वाद घालू नकोस, अख्खा पिक्चर मात्र कधीच वर्गात लावू नकोस, म्हणजे त्यांच्या बोलण्यात तथ्य उरत नाही. पंधरा मिनिटांच्या वर क्लिप नको, उरलेला वेळ बोलणं आणि लिहिणं. आणि कॉपीराइटचं विचारलंस ते बरं केलंस. 1957 च्या कायद्याचं कलम 52 वर्गातल्या विद्यार्थी-शिक्षकांपुरतं सिनेमा दाखवायला मोकळीक देतं, पण त्याची जाहिरात करून गावाला बोलावलं की तो पब्लिक शो झाला, तिथे परवानगी लागते. टेलिग्रामवरून उतरवलेली कॉपी लावू नकोस, पोरांसमोर तर नाहीच.

जमलं तर वर्षातून एकदा पुण्याला घेऊन ये सगळ्यांना. जुने सिनेमे जपणारं फिल्म आर्काइव्ह 1964 पासून आहे, आणि सिनेमा शिकवणारी संस्था एफटीआयआय तर जुन्या प्रभात फिल्म कंपनीच्याच स्टुडिओच्या जागेवर उभी आहे, ते बघताना पोरांना पहिल्यांदा कळतं की सिनेमा ही कुणीतरी कारखान्यासारखी घाम गाळून बनवलेली वस्तू आहे. एसटीचं ग्रुप बुकिंग आणि प्राचार्यांची लेखी परवानगी, दोन्ही आधी घे.

बाकी किरकोळ. वर्गातला स्पीकर चालत नसतो, आपला ब्लूटूथचा छोटा घेऊन जा. खिडक्यांना पडदे नसतील तर सकाळचा पहिला तास मागून घे. किती तास घेतले त्याची नोंद रोजच्या रोज सही घेऊन ठेव, सीएचबीचं बिल त्याच्यावरच निघतं आणि ते कधी निघेल ते तुला माहितीच आहे. सेटचा (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा) फॉर्म सुटला की भर, पुढच्या वर्षीवर ढकलू नकोस. सिलॅबसची कॉपी पाठव, युनिट कसे पाडायचे ते रविवारी फोनवर बोलू.

तुझी,
मॅडम